जेवढा व्हता तेवढाच शे

आमच्या चर्चमध्ये गीत सुरू झालं की पुरुष मंडळींचे चेहरे लाल व्हायचे. भक्तीने नव्हे, नानांच्या पेटीने. गीत लग्नाचं असो, नाताळचं असो की कुणाला मातीला नेतानाचं असो, नाना ते काळी चारमध्येच सुरू करायचे. बायकांना ती पट्टी कशीबशी झेपायची. पुरुषांपैकी निम्मे दुसऱ्या ओळीलाच हात टेकायचे आणि उरलेले मानेच्या शिरा ताणून असे काही ओरडायचे, की फाटकाबाहेरचे रिक्षावाले आत डोकावून जायचे. कुणी तक्रार केली की नाना शांतपणे म्हणायचे, "देव वर ऱ्हास ना भाऊ? मंग खाले गाईसन कसं चाली?" यावर धुळ्यातल्या एकाही ख्रिस्ती माणसाला उत्तर सुचलेलं मी पाहिलं नाही.

नाना म्हणजे कंडक्टरनाना. धुळे-दोंडाईचा गाडीवर तिकिटं देण्यात त्यांची उमर गेली आणि निवृत्त झाल्यावरही ती गाडी त्यांच्या अंगातून उतरली नाही. ख्रिस्ती माणसाला चर्चमध्ये मागचाच बाक का आवडतो हे मला अजून कळलेलं नाही. पुढचे चार बाक रिकामे आणि मागे नुसती दाटी. नाना पेटीवरून उठून मागे यायचे, दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचे, "चला, पुढे सरका. पुढे बठ्ठं रिकामं शे." माणसं मुकाट्याने सरकायची. उपासना संपली की त्यांच्या बोटातली अंगठी पेटीच्या लाकडावर दोनदा वाजायची, म्हणजे डबल बेल, गाडी सोडा. उपदेश पाऊण तासाच्या पुढे गेला तर एकदाच वाजायची. आमचे पाळकसाहेब तेव्हा तरुण आणि नवे होते. पहिल्या रविवारी त्यांना त्या एका बेलचा अर्थ कळला नाही. दुसऱ्या रविवारपर्यंत कुणीतरी कानात सांगितलं असावं, कारण ते वाक्य अर्ध्यावर टाकून थेट आशीर्वादावर आले.

नानांची प्रार्थनासुद्धा तिकिटाएवढीच असायची. कुठून, कुठे, माणसं किती. आजाऱ्याच्या घरी आम्ही जमलो की बाकीचे लोक जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करायचे आणि आजाऱ्याच्या खाटेपर्यंत यायला त्यांना वीस मिनिटं लागायची. तोवर आजारी माणूस झोपून गेलेला असायचा. नानांची पाळी आली की, "प्रभू, एक माणूस शे. ताप शे. तू दखी ले. आमेन." झालं. माझी आई एकदा त्यांना म्हणाली, "नाना, थोडं सविस्तर तरी सांगा देवाला." नाना म्हणाले, "त्यानी बठ्ठं तपासेल शे. मंग मी कसाले वाचीसन दाखाडू?" आईला ते पटलं नाही. ती स्वतः उत्पत्तीपासून सुरुवात करणाऱ्यांतली.

मी फिजिओथेरपिस्ट. देवपुरात माझं छोटंसं केंद्र आहे. लकवा झालेले, गुडघे धरलेले, मान आखडलेले लोक माझ्याकडे येतात. नाना मला 'मालिशवाली डॉक्टरीण' म्हणायचे. साडेचार वर्षं घासून शिकलेल्या मुलीला हे ऐकून काय वाटतं, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं आणि म्हणूनच ते म्हणायचे. पुण्याला शिकताना मी वॉर्डात खूप प्रार्थना ऐकल्या होत्या, सगळ्या धर्मांच्या. बरे व्हायचे ते बरे होत होते, न व्हायचे ते होत नव्हते. धुळ्याला परत आले तेव्हा माझा देवावर राग वगैरे काही नव्हता. आमचं बोलणं बंद पडलं होतं, एवढंच. चर्चला जायचे ती आईसाठी, आणि बसायचे अर्थातच मागच्या बाकावर.

हे नानांच्या लक्षात आलं होतं. लोकांना पुढे सरकवताना ते माझ्या बाकाशी जरा जास्त वेळ रेंगाळायचे. एकदा मी वैतागून विचारलं, "नाना, सारखं विश्वास विश्वास म्हणता. विश्वास म्हणजे नेमकं काय, ते तरी सांगा." मला वाटलं, आता वचनांचा पाऊस पडणार. नानांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "हे दख रूथमाय, माले गाडी चालाडता येत नही. ड्रायव्हर कोठला खड्डामातून काढी, ते मन्हा हातमा नही. पन पाटी दोंडाईचानी शे, एवढं मी वाचेल शे."

"आणि गाडी मध्येच बंद पडली तर?"

"मंग खाले उतरीसन धक्का मारना. तिकीट थोडंच फाडी टाकतस?"

मला तेव्हा हे उत्तर चतुर वाटलं, खरं वाटलं नाही. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही. ते हसले आणि मला दोन बाक पुढे सरकवून गेले.

पोळा झाल्यावर आठवडाभरात नाना सकाळी दाढी करता करता एका बाजूला कलंडले. उजवी बाजू गेली. आठ दिवस दवाखान्यात काढले. बोलणं पंधरा दिवसांत जवळजवळ साफ झालं, पाय महिन्याभरात काठीच्या आधाराने टेकायला लागला. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबकळत होता, दोरीवर टाकलेल्या ओल्या सदऱ्यासारखा. मी पहिल्यांदा घरी तपासायला गेले तेव्हा नानांनी एकच प्रश्न विचारला. जगेन का, नीट चालेन का, असलं काही नाही. "नाताळपर्यंत बोटं हालतीन का?" एकतीस वर्षं नाताळच्या उपासनेला त्यांनी पेटी वाजवली होती, एकदाही खंड नाही. मी म्हणाले, "प्रयत्न करू." आमच्या धंद्यात या दोन शब्दांचा अर्थ काय होतो ते नानांना माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोला, अक्कांना, तो कळला असावा. त्या चहा ठेवायला उठल्या.

मग आमचा व्यायाम सुरू झाला. मी टेबलावर पंचा अंथरून त्यावर त्यांचा हात सरकवायला लावायचे, कपड्यांचे चिमटे डब्याच्या काठाला लावायला आणि काढायला द्यायचे, मऊ चेंडू दाबायला सांगायचे. नाना दहापर्यंत सरळ कधी मोजायचेच नाहीत. "एक फुल शिंदखेडा, दोन फुल दोंडाईचा, एक हाफ," असं चालायचं आणि दहा झाले की, "गाडी भरनी, आते मागनी गाडीमा." अक्का त्यांच्याहून हुशार. बोटांना धान्य निवडण्याचा व्यायाम चांगला, असं मी एकदा बोलून गेले, तर दुसऱ्या दिवसापासून घरातली तूरडाळ, शेंगा, लसूण, सगळं नानांच्या पुढ्यात. वर "डॉक्टरीणनी सांगेल शे" म्हणून त्या मोकळ्या. नाना माझ्याकडे बघत म्हणायचे, "तू मालिशवाली नही. तू अक्कानी फोडेल माणूस शे."

नानांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर, आबा, रोज संध्याकाळी शेतावरून परस्पर यायचे आणि खाटेच्या कडेला बसायचे. त्यांनी त्यांच्या गावच्या मारुतीला नारळ बोलला होता. "दोन्ही डेपोमा अर्ज दिन्हा," असं ते मला म्हणाले, "कोठला तरी मंजूर व्हई." आमच्या चर्चच्या मंडळीने तर शुक्रवारचे उपास धरले होते. संध्याकाळी सगळे जमायचे, एकेक जण नानांचा उजवा हात धरून प्रार्थना करायचा, आणि जितकी प्रार्थना तळमळीची तितका हात घट्ट दाबला जायचा. शेवटी नाना कळवळून म्हणाले, "प्रार्थनामुळे हात बरा व्हई, पन दाबी दाबी मोडी जाई." तेव्हापासून लोक त्यांची काठी धरून प्रार्थना करायला लागले.

नाताळ आला. अंगठा आणि पहिलं बोट चिमटा दाबण्याइतपत आलं होतं, त्यापुढची तीन बोटं आली नव्हती. उपासनेला एका तरुणाने कीबोर्ड वाजवला, खालच्या पट्टीत, आणि कित्येक वर्षांनी आमच्या पुरुषांनी शेवटच्या ओळीपर्यंत गायलं. सुंदर गायलं. नाना पहिल्या बाकावर होते. त्यांचा डावा हात मांडीवर सगळं गीत वाजवत होता. मी मागच्या बाकावरून ते बघत होते आणि मला ठाऊक होतं की इतक्या महिन्यांनी जे आलं नाही ते आता फारसं येणार नाही. ते सांगायचा मला धीर झाला नाही. मी चिमट्यांची संख्या तेवढी वाढवली.

फेब्रुवारीत जळगावला चंगाई सभा होती. मोठ्या शहरातून एक नावाजलेले उपदेशक, प्रभूचे सेवक, येणार होते. त्यांनी हात ठेवला की आजारी उठून चालतात अशी ख्याती. मंडळीने क्रूझर ठरवली, चालवायला आबा. माझा नुसता जळफळाट झाला. पण अक्का म्हणाल्या, "तू संगे चाल माय. त्यासले उठाडनं-बसाडनं तुलेच जमस." म्हणून गेले. खरं सांगायचं तर म्हणूनच फक्त नाही. आत कुठेतरी मलाही वाटत होतं, समजा झालंच तर?

मैदानावर मांडव होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आजाऱ्यांची रांग लागली. नानांची पाळी आली. त्या सेवकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मनापासून केली, हे मी नाकारणार नाही. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. मग त्यांनी माईक नानांच्या तोंडाशी धरला आणि विचारलं, "बाबा, हात हलतोय ना?"

सगळा मांडव उभा होता. टाळ्या वाजवायला वर गेलेले हात मला दिसत होते. पाच महिने शुक्रवारी उपाशी राहिलेली आमची मंडळी पुढच्या रांगेत रडत होती. अंगठा आणि एक बोट तर हलत होतंच. नानांनी तेवढं हलवून दाखवलं असतं तरी मैदान दणाणलं असतं. नानांनी खाली आपल्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि माईकमध्ये म्हणाले, "अंगठा हालस, साहेब. पन तो आमनी मालिशवालीनी हालाडेल शे. बाकी हात जेवढा व्हता तेवढाच शे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सेवकांचा चेहरा पडला. ते चिडले नाहीत, पण माईक दूरही केला नाही. "बाबा, देव द्यायला तयार आहे. तुमचा विश्वास कमी पडतोय. मनात कुठेतरी शंका आहे, ती काढून टाका." एवढं बोलून ते पुढच्या माणसाकडे वळले. नाना काठी टेकत खाली उतरले. मी दंड धरला होता. 

परतीच्या वाटेवर एरंडोल आलं. मग आबांनाच राहवलं नाही. "नाना, त्या माणूसले सांगानं व्हतं. गाडी बंद पडनी, त्यामा प्रवाशासना काय दोष?" नाना म्हणाले, "गप ऱ्हाय आबा." पारोळ्याला चहाला थांबलो. सगळे उतरले, नाना उतरले नाहीत. मी चहा घेऊन गाडीपाशी गेले. त्यांनी कप घेतला नाही. म्हणाले, "रूथमाय, तुन्हाजोडे हातनी ताकद मोजानं यंत्र शे ना? तसं विश्वास मोजानं काही ऱ्हास का?" ते गंमत करत नव्हते. आयुष्यात मी नानांना पहिल्यांदा गंमत न करता बोलताना ऐकलं.

पुढच्या रविवारी नाना चर्चला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. पाळकसाहेब दोनदा घरी जाऊन आले, नानांनी त्यांच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारल्या. मंडळीतली माणसं वाईट नव्हती, पण शुक्रवारच्या प्रार्थनेत एक-दोघांनी "शंका दूर कर" असे शब्द घातले आणि ते अक्कांनी ऐकले. नाना व्यायामही करेनासे झाले. मला घरी यायची गरज नाही, असा निरोप आला. चौथ्या रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की आज आपल्याला कुणी पुढे सरका म्हटलेलं नाही आणि त्याचा आपल्याला भयंकर राग आलेला आहे. मी उपासना अर्धी टाकून उठले आणि स्कूटी काढली.

नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डाव्या हाताने ते शेंगा फोडत होते. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "नाना, किती दिवस रुसून बसणार?"

"मी रुसेल नही, माय," ते म्हणाले. "मी लाजेल शे. लोके मन्हाकरता उपाशी ऱ्हायनात. आनि ऐन टाइमले मन्हाच विश्वास कमी पडना. कोन्ह्या तोंडे जाऊ?"

मला इतका संताप आला की मी उभ्याउभ्याच बोलत सुटले. "नाना, सगळा मांडव टाळ्या वाजवायला तयार होता. तुम्ही नुसता अंगठा हलवला असता तरी चाललं असतं. अक्का खूश, मंडळी खूश, ते साहेब खूश. तुम्हाला खोटं बोलायला कुणीही अडवलं नव्हतं. मग का नाही बोललात?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फारच बावळट प्रश्न विचारला होता. "खोटं कसाले बोलतू? देव काय तठे नव्हता का?"

मी खाली बसले. ओट्यावरच, शेंगांच्या टरफलांत. मी म्हणाले, "मग नाना, कमी काय पडलं?"

 नाना एक शेंग तशीच चिमटीत धरून बसले. आत अक्का भाकरी थापत होत्या. मग नानांनी ती शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि आत हाक मारली, "अक्का, ती पेटी काढ."

पेटी निघाली, पण अडचण समोर आली. पेटीला दोन हात लागतात. एक सुरांवर फिरणारा आणि एक मागचा भाता ओढणारा. नानांचा डावा हात सूर धरायला तयार होता, भात्याला हातच उरला नव्हता. अक्का पीठ लागलेल्या हातांनीच समोर येऊन बसल्या आणि त्यांनी भाता असा काही हाणला की पेटीतून बैलाच्या हंबरण्यासारखा आवाज आला. "अवं हळू! चूल फुकी ऱ्हायनी का?" नाना ओरडले. "मंग तुम्हीच वढा!" अक्काही ओरडल्या. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसांनी एका पेटीवर बसू नये, असं माझं मत झालं. मी अक्कांना उठवलं आणि भाता हातात घेतला.

डाव्या हाताला सगळं उलटं असतं. जिथे अंगठा यायचा तिथे करंगळी येते. नाना दहा वेळा चुकले, दहा वेळा त्यांनी स्वतःला 'रिकामटेकडा कंडक्टर' अशी शिवी दिली आणि अकराव्यांदा एक ओळ पूर्ण आली. मी म्हणाले, "नाना, निदान आता तरी पट्टी खाली घ्या." ते म्हणाले, "तू वारा दे. सूरनं मी दखस."

ईस्टरच्या पहाटे आमची उपासना कब्रस्तानात असते. प्रत्येकजण आपापल्या माणसांच्या कबरीवर फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, आणि तांबडं फुटताना गीत सुरू होतं. त्या वर्षी रिक्षातून पेटी आली, पेटीमागून नाना आले. मी त्यांच्या समोर मांडी घालून भाता धरला. नानांनी काठी बाजूला ठेवली, डाव्या हाताने उजवा हात उचलून पेटीच्या लाकडावर नीट ठेवला, पाहुण्याला बसवावं तसा, आणि गीत काळी चारमध्ये सुरू केलं. पुरुषांचे चेहरे लाल झाले. दुसऱ्या ओळीला निम्मे गळाले. पण त्या दिवशी कुणीही तक्रार केली नाही आणि कीबोर्डवाला तरुण तर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

त्यानंतर तीन वर्षं, एकही रविवार न चुकता, मी नानांच्या समोर बसले. मागचा बाक गेलाच. मला आजारी पडायचीही सोय राहिली नाही, कारण मी नसले की पेटी मुकी. माझा विश्वास आहे की नाही, हे नानांनी मला त्या तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. "वारा कमी पडस," एवढंच म्हणायचे, किंवा "आज वारा बेस शे." उपदेश लांबला की अंगठी वाजवायचं काम मात्र त्यांनी डाव्या हाताने चालू ठेवलं. व्यायामाला ते पुन्हा लागले, चिमटेही लावू लागले. तीन बोटं काही हलली नाहीत. प्रत्येक शुक्रवारी ते देवाला "प्रभू, हात शे. तू दखी ले. आमेन" असं सांगायचे आणि शनिवारी सकाळी मला तोच हात जेवढा होता तेवढाच दाखवायचे. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी मनात कुढायचे आणि भाता ओढायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी नाना जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आबांनी त्यांच्या मातीला खांदा दिला आणि धाय मोकलून रडले. आठवड्याने घरापुढे मांडव घालून स्मरणाची प्रार्थना ठेवली. गावोगावचे नातेवाईक आले होते. मागच्या अंगणात वरण-बट्टीचा बेत शिजत होता आणि वांग्याच्या भाजीचा वास मांडवात येत होता. पाळकसाहेबांनी उपदेश आटोपता घेतला, शिकलेला माणूस तो, आणि म्हणाले, "नानांबद्दल कुणाला साक्ष द्यायची असेल तर द्यावी."

तिघा-चौघांनी दिली. मग बोदवडचे एक पाहुणे उठले, नानांचे लांबचे साडू. त्यांनी सांगितलं की नानांचा हात लकव्याने पूर्ण गेला होता, पण प्रभूने तो अद्भुत रीतीने बरा केला आणि नाना शेवटपर्यंत पेटी वाजवत राहिले. त्यांनी नानांना त्या काळात पाहिलं नव्हतं, कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि ते भल्या मनाने बोलत होते. लोक "हालेलुया" म्हणाले. कुणाला वाटलं असेल, शोकाच्या घरी कशाला दुरुस्ती करा. मी कधी साक्ष दिलेली नव्हती. मी उभी राहिले.

"नानांचा हात बरा झाला नव्हता," मी म्हणाले.  "अंगठा आणि एक बोट तेवढं मी हलवलं, नानांनी ते माईकवरून जगाला सांगितलेलं आहे. बाकीची तीन बोटं शेवटपर्यंत हलली नाहीत. ते डाव्या हाताने वाजवत होते. आणि त्यांचा विश्वास कमी नव्हता. तो कमी आहे असं ज्यांना वाटलं त्यांनी माझ्या जागेवर बसून बघायला हवं होतं." इथे थांबायला हवं होतं, पण माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांपुढचं सगळं पाणीपाणी झालं होतं. "तीन बोटं! काय जड होतं त्यात? दर शुक्रवारी मागत होते ते, साध्या शब्दांत मागत होते. सगळी मंडळी उपाशी राहिली. मीसुद्धा शुक्रवारी डबा उघडत नव्हते, कुणाला सांगितलं नाही, तुला तर दिसत होतं ना? मग का नाही केलंस? का नाही?"

 पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते आणि मग त्यांनी हळूच मान खाली घालून डोळे मिटले. ते का मिटले हे कळायला मला क्षणभर लागलं. मी मांडवातल्या कुणाशीच बोलत नव्हते. इतक्या वर्षांनी माझं बोलणं सुरू झालं होतं, आणि ते भांडणाने सुरू झालं होतं.

कुणीतरी माझी ओढणी ओढली. अक्का होत्या. रडून डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचाच, खणखणीत. "बस आते, माय," त्या म्हणाल्या. "देवनी ऐकं. लोके भुक्या शेतस."

मी "आमेन" म्हणाले, डोळे पुसले आणि बट्टी वाढायला गेले.